१,६०,००० लक्स, पण किती अंतरावर?

गेल्या आठवड्यात एका तरुण पशुवैद्य मैत्रिणीने मला ओटी लाइटचं, म्हणजे ऑपरेशनच्या दिव्याचं, एक माहितीपत्रक पाठवलं. खाली एकच ओळ होती, "ताई, अ‍ॅडव्हान्स भरू का?" पत्रकावर तोच डोम (दिव्याचा घुमटासारखा भाग) होता, तोच निळसर फोटो आणि मोठ्या अक्षरांत तोच आकडा: १,६०,००० लक्स. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. तीन वर्षांपूर्वी मी याच आकड्यावर विश्वास ठेवून फसले. तिला फोनवर सगळं सांगितलं, तरी मन स्वस्थ होईना. नवीन दवाखाना उभा करणारे किंवा जुना दिवा बदलायला निघालेले असे कितीतरी जण हे पत्रक वाचत असतील, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझा जुना दिवा हॅलोजनचा होता. उजेड पिवळसर, दिवा तापायचा, मानेवर घाम यायचा आणि बल्ब ऐन ऑपरेशनमध्ये उडायचा. एलईडी घ्यायचा हे ठरलेलंच होतं. विक्रेता डेमो घेऊन आला तेव्हा मी त्याच्याकडे काय मागायला हवं होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी फक्त पाहत राहिले. त्याने डोम स्टँडवर लावला, टेबलावर पांढरा कागद पसरला, खिशातून मोबाइल काढला आणि कागदावर धरला. पडद्यावर दीड लाखाच्या वरचा आकडा आला. शेजारी माझा हॅलोजन लावून दाखवला, तर तो अगदी मिणमिणता वाटला. "मॅडम, हा दिवस आणि ती संध्याकाळ," असं तो म्हणाला आणि मलाही ते तसंच दिसलं.

तो डोम कागदापासून हातभर अंतरावरही नव्हता, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही.

सर्जिकल दिव्यांसाठी आयईसी ६०६०१-२-४१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात मधल्या बिंदूवरचा उजेड दिव्यापासून १ मीटरवर मोजतात आणि मोठ्या सर्जिकल दिव्यासाठी तो ४०,००० ते १,६०,००० लक्स असावा लागतो. १ मीटर हे अंतर उगाच ठरवलेलं नाही. टेबलाशी उभ्या असलेल्या सर्जनच्या डोक्यावर दिवा ठेवला तर तो जखमेपासून साधारण तेवढाच दूर राहतो. तोच दिवा निम्म्या अंतरावर आणून मोजला तर आकडा जवळजवळ चौपट होतो, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो. भिंगं लावून किरण एकत्र आणलेल्या डोममध्ये हे गणित नेमकं चौपटीचं येत नाही, पण फरक मोठाच पडतो. शिवाय मोबाइलचा सेन्सर पडद्याचा उजेड कमीजास्त करण्यासाठी बसवलेला असतो. त्याच्या आकड्यावर ऑपरेशनचा दिवा विकत घेणं म्हणजे वजनकाट्याऐवजी हाताने तोलून औषधाचा डोस ठरवणं.

बहुतेक रक्कम दिवा निघण्यापूर्वीच द्यावी लागली. दिवा आला, बसवला गेला आणि पहिले काही आठवडे मी खूश होते. मांजरांची स्पे (मादीचं गर्भाशय आणि अंडाशयं काढणं), लहान गाठी, टाके, सगळं उथळ काम. उथळ जखमेत कुठलाही भगभगीत दिवा चांगलाच वाटतो.

पहिली शंका एका मोठ्या कुत्रीच्या पायोमेट्राच्या, म्हणजे गर्भाशयात पू झाल्याच्या, ऑपरेशनच्या वेळी आली. छाती खोल, पोटात चरबी आणि अंडाशयाचा देठ पार वर बरगड्यांच्या आड. लिगेचर (रक्तवाहिन्या बंद करणारी दोऱ्याची गाठ) बांधायला मी वाकले आणि जखम काळोखात गेली. डोकं बाजूला घेतलं की उजेड यायचा, पण मग देठ दिसायचा नाही. दिवा हलवला तर सहायकाच्या हाताची सावली. त्या डोममधले सगळे एलईडी सरळ खाली पाहत होते, वेगवेगळ्या कोनांतून एका जागी येत नव्हते. म्हणून एक डोकं आड आलं की त्यामागचा उजेड भरून काढायला दुसरीकडून काहीच येत नसे. मानकात यासाठी वेगळी चाचणी आहे: डोक्याएवढ्या चकत्या आड ठेवतात, खोल पोकळीसारखी नळी लावतात आणि तळाशी किती टक्के उजेड उरतो ते मोजतात. मी तो आकडा कधी विचारलाच नव्हता, त्यामुळे तो मला कुणी सांगितलाही नव्हता.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

एक चार महिन्यांचं पिल्लू आलं, आतड्यात आतडं शिरलेलं. पोट उघडलं आणि अडकलेला भाग हलक्या हाताने सोडवला. आता ठरवायचं होतं की तो भाग ठेवायचा की कापून टोकं जोडायची. अशा वेळी आपण आतड्याचा रंग पाहतो, त्याची हालचाल पाहतो, मेसेंटरीतल्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या, रक्तवाहिन्यांचे ठोके पाहतो. रंग सगळ्यात आधी दिसतो आणि मनावर पकडही तोच घेतो. मला तो भाग करडा-तपकिरी दिसत होता, मेल्यासारखा. तेवढ्यात भूल सांभाळणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, हिरड्या निळसर वाटताहेत." मी मॉनिटरकडे पाहिलं तर पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता.

हिरड्या निळ्या आणि ऑक्सिजन ९८, हे जुळत नव्हतं. मी तपासणीच्या खोलीतला जुना हॅलोजन स्टँड आणायला सांगितला आणि डोम बंद करायला लावला. पिवळ्या उजेडात हिरड्या गुलाबी होत्या. आतडं सुजलेलं आणि गडद लाल होतं, पण करडं नव्हतं. कोमट सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर ठेवून आम्ही दहा मिनिटं थांबलो. लाली उजळत गेली, मग आतड्यावरून एक आकुंचनाची लाट सरकताना दिसली. मी काहीही कापलं नाही. पिल्लू तिसऱ्या दिवशी घरी गेलं. तो स्टँड मी भंगारात दिला असता तर एका जिवंत आतड्याचा तुकडा मी त्या दिवशी काढून ट्रेमध्ये ठेवला असता. जोड सुटण्याचा, पोटात विष पसरण्याचा धोका त्या पिल्लाच्या माथी विनाकारण मारला असता. हे आठवलं की अजूनही पोटात कालवतं.

याचं कारण नंतर समजलं. दिवा रंग किती खरे दाखवतो हे आरए या निर्देशांकाने सांगतात. १०० म्हणजे उत्तम, आणि सर्जिकल दिव्याला किमान ८५ लागतो. माझ्या पत्रकावर ९५ छापलेलं होतं. पण आरए ही पहिल्या आठ नमुना-रंगांची सरासरी असते आणि ते आठही रंग फिकट आहेत. गडद लाल रंगाचा नमुना नववा, त्याला आर९ म्हणतात आणि तो या सरासरीत धरलाच जात नाही. एखाद्या स्वस्त एलईडीचा आरए बरा असूनही आर९ फार खाली असू शकतो. घरात किंवा दुकानात त्याने बिघडत नाही. आपल्या कामात रक्त, स्नायू, यकृत, आतडं असा सगळा लाल रंगाचाच संसार, तिथे हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. हॅलोजनचा उजेड पिवळसर असला तरी रंग दाखवण्यात तो जवळजवळ अचूक असतो. पांढऱ्या कागदावरच्या डेमोत यातलं काहीच दिसणार नव्हतं, कारण कागदावर लाल नव्हतंच.

त्यानंतर मी खरं लक्समीटर मिळवलं आणि मोजपट्टी लावून मोजलं. १ मीटरवर ३८,०००. ५० सेंटिमीटरवर दीड लाखाच्या आसपास. म्हणजे दिवा मानकाच्या किमान मर्यादेच्याही खाली होता. मी विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कोटेशन वाचा. १,६०,००० लक्स लिहिलंय आणि तेवढे येतात." मी वाचलं. खरंच, अंतर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अंतर लिहिलेलं नाही म्हणून तो आकडा खोटाही ठरत नव्हता. ही फसवणूक इतकी स्वच्छ होती की तिच्यावर बोट ठेवायला जागाच नव्हती.

जागा सापडली ती प्रमाणपत्रात. सीईचं, म्हणजे युरोपातले नियम पाळल्याचं, चिन्ह पाहून मी घेताना निर्धास्त झाले होते. आता ओळ न् ओळ वाचलं, तर त्यावरचा मॉडेल क्रमांक डोमवरच्या पट्टीशी जुळत नव्हता आणि मानकांच्या यादीत ६०६०१-२-४१ नव्हतं, फक्त सर्वसाधारण विद्युत सुरक्षेचं मानक होतं. ज्या प्रयोगशाळेचं नाव होतं तिला ईमेल केला. उत्तर आलं की प्रमाणपत्र आमचंच आहे, पण ते तपासणीच्या एका छोट्या दिव्याचं आहे. इथे एक गोष्ट आपण सगळ्यांनीच समजून घ्यायला हवी. माणसांच्या वैद्यकीय उपकरणांचे नियम आपल्या उपकरणांना बऱ्याच ठिकाणी लागू होत नाहीत. युरोपातला वैद्यकीय उपकरणांचा कायदा माणसांपुरता आहे आणि अमेरिकेत एफडीए ही नियामक संस्था पशुवैद्यकीय उपकरणांसाठी विक्रीपूर्व मंजुरी मागत नाही. त्यामुळे 'व्हेटरनरी' म्हणून विकलेल्या दिव्यावर सीई असलं तरी ते केवळ विजेच्या सुरक्षेपुरतं असू शकतं. उजेड कुणी मोजला, सावली कुणी तपासली, याबद्दल ते चिन्ह काहीच सांगत नाही. ही पोकळी विक्रेत्यांना पक्की ठाऊक असते.

बाकीचं थोडक्यात सांगते. दिवा हलवायची मूठ ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्राला) चालते असं सांगितलं होतं, ती १३४ अंशांच्या पहिल्याच सायकलमध्ये वाकडी झाली. स्प्रिंग आर्म हळूहळू खाली उतरायचा. ब्रेक आवळला तर दिवा जागचा हलेना. आयुष्य ५०,००० तास लिहिलेलं, म्हणजे रोज चार तास धरले तर चौतीस वर्षं. आठव्या महिन्यात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, गेला. ते ५०,००० तास एलईडीच्या चिपचे होते, ड्रायव्हरचे नव्हते. आणि पाच वर्षांच्या वॉरंटीतून चिप, ड्रायव्हर आणि स्प्रिंग हे तिन्ही वगळलेले होते. मग वॉरंटी उरली कशाची? रंगवलेल्या पत्र्याची.

जुळत नसलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे मी लेखी तक्रार केली. प्रयोगशाळेचा ईमेल, डोमवरच्या पट्टीचा फोटो, मोजणीच्या वेळचे फोटो असं सगळं जोडलं. बरीच पत्रापत्री होऊन निम्म्याहून थोडी कमी रक्कम परत आली. लक्सच्या आकड्यावर भांडत बसले असते तर तेवढीही आली नसती.

पुढचा दिवा घेताना मी विक्रेत्यांना सांगितलं की डेमो माझ्या टेबलावर, माझ्या छताच्या उंचीला होईल आणि मोजपट्टी माझी असेल. सकाळच्या स्पेमध्ये काढलेलं गर्भाशय आणि अंडाशयं ओल्या गॉजमध्ये ठेवली होती. ट्रे आधी खिडकीशी दिवसाच्या उजेडात पाहिला, मग दिव्याखाली. एका विक्रेत्याचा दिवा इथेच बाद झाला, अंडाशयाच्या बारीक वाहिन्या त्याच्याखाली आजूबाजूच्या चरबीत हरवून गेल्या. मग ट्रे एका खोल अरुंद डब्याच्या तळाशी ठेवला. मी आणि सहायक दोन्ही बाजूंनी ऑपरेशनला वाकतो तसे वाकलो आणि तळ दिसतो का ते पाहिलं. उजेड कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं, पडद्यावर पट्टे सरकताहेत का, म्हणजे दिवा लुकलुकतोय का म्हणून. आर्म वेगवेगळ्या उंचीवर सोडून पंधरा मिनिटं चहाला गेलो आणि परत येऊन पाहिलं.

कागदावर मागितलं ते असं: १ मीटरवरचा उजेड, तो १० टक्क्यांवर आणि ५० टक्क्यांवर येतो त्या वर्तुळांचे व्यास, एक आणि दोन चकत्यांसह व नळीसह उरणारा उजेड, आरए आणि आर९ वेगवेगळे, आणि जखमेवर पडणारी एकूण ऊर्जा. ही ऊर्जा दर चौरस मीटरला १००० वॅटच्या आत हवी. एलईडीचा झोत थंड असतो असं सगळे म्हणतात, पण दोन डोम एकाच जागी रोखले की ऊर्जेची बेरीज होते आणि मांजराच्या पिल्लाचं उघडं आतडं सुकायला फार वेळ लागत नाही. चारपैकी दोघांनी हे आकडे दिले. एकाने विचारलं, "प्राण्यांसाठी एवढं कशाला लागतं?" त्याच्याशी बोलणं मी तिथेच थांबवलं. शेवटी एका मोठ्या डोमऐवजी दोन मध्यम डोम घेतले, वेगवेगळ्या कोनांतून येणारे. लक्सचा आकडा पहिल्या पत्रकापेक्षा कितीतरी लहान आहे. कुत्रीच्या पोटातला अंडाशयाचा देठ आता मान न वाकवता दिसतो.

मैत्रिणीने अ‍ॅडव्हान्स थांबवला आहे. तिने विक्रेत्याला लिहून विचारलं की १,६०,००० लक्स किती अंतरावर आणि आर९ किती. पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं, "स्टँडर्ड अंतरावर." दुसऱ्याला आलं नाही. मोजपट्टी आणि ट्रे घेऊन डेमोला मी येते असं तिला सांगितलंय, पण विक्रेत्याने अजून तारीख दिलेली नाही.