एक्सेल मॅक्रोची मेसेज खिडकी: पिग्मीच्या टेबलावरचा अनुभव

खानापूर तालुक्यातल्या आमच्या पतसंस्थेत पिग्मीची, म्हणजे एजंटाने खातेदारांकडून गोळा केलेल्या छोट्या रकमांची, रोजची जमा एक्सेलमध्ये चढते. गणपतीच्या आधीपासून त्यात मी लिहिलेले मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, चालू आहेत. एजंटाचा भरणा नोंदवला की खात्री विचारणारी खिडकी पडद्यावर येते. घाईच्या वेळी ती एका नजरेत वाचता आली पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप.

मॅक्रो व्हीबीए या एक्सेलमधल्याच भाषेत लिहितात. तिचा एमएसजीबॉक्स, म्हणजे तयार मिळणारी साधी मेसेज खिडकी, भरवशाचा आहे, पण मजकुराला ठळकपणा, रंग, फॉन्ट यांतलं काहीच देता येत नाही. मजकूरही साधारण 1024 अक्षरांपर्यंतच. ओळ तोडायला व्हीबीन्यूलाइन, रकाने जुळवायला व्हीबीटॅब. स्पेस मारून आकडे एकाखाली एक बसत नाहीत, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी.

खरी अडचण लिपीची. आमच्याकडे एका टेबलावर मराठी वाचणाऱ्या ताई, शेजारी कन्नड वाचणारे अण्णा. व्हीबीएचा एडिटर, म्हणजे कोड लिहायची जागा, युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धत) जाणत नाही. देवनागरी पेस्ट केली की प्रश्नचिन्हांची रांग लागते. एमएसजीबॉक्समध्येही तेच.

म्हणून सगळे मजकूर एका शीटवर ठेवले, एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात कन्नड. मॅक्रो तिथून उचलून युजरफॉर्मच्या, म्हणजे आपण स्वतः रचलेल्या खिडकीच्या, लेबलात (मजकूर दाखवायच्या चौकटीत) भरतो. फॉन्ट निर्मला यूआय, त्यात दोन्ही लिप्या आहेत. एका लेबलला एकच फॉन्ट मिळतो, त्यामुळे खातेदाराचं नाव एका लेबलात आणि ‘आजची जमा 500’ दुसऱ्यात, मोठं आणि ठळक. खाली बारीक अक्षरांत ‘एकूण शिल्लक 1,25,500’. या एका बदलाने टेबलावरचं काम फार सोपं झालं, अण्णांनाही आता कुणाला विचारावं लागत नाही.

लाखाचे स्वल्पविराम मी सेलच्या फॉरमॅटमध्येच लावलेत आणि मॅक्रो सेलचं ‘टेक्स्ट’ वाचतो, म्हणजे दिसतं तेच खिडकीत येतं. मात्र रकाना ऐसपैस हवा. अरुंद असला तर खिडकीतही #### उमटतं.

विंडोजच्या मेसेजबॉक्स-डब्ल्यू या फंक्शनला थेट हाक मारली तर साध्या खिडकीतही मराठी नीट येते. त्यासाठी मॅक्रोत त्या फंक्शनची आधी घोषणा करावी लागते आणि 64 बिट ऑफिसला त्या घोषणेत पीटीआरसेफ हा शब्द लागतो. पण बटणं विंडोजच्याच भाषेत राहतात. त्यामुळे नोंद रद्द करण्याचा प्रश्नही युजरफॉर्मवर नेला. तिथे ‘नाही’ बटणाचे डिफॉल्ट (एंटरसाठी) आणि कॅन्सल (एस्केपसाठी) हे दोन्ही गुणधर्म ट्रू, म्हणजे चालू, ठेवलेत. एंटर दाबा की एस्केप, पैशाची नोंद जागेवरच राहते.