यानाका-नेझूच्या गल्ल्यांत भाड्याचा किमोनो: काही महिन्यांचा अनुभव

मागच्या शरद ऋतूपासून मी अधूनमधून दिवसभरासाठी किमोनो भाड्याने घेते आहे. पर्यटकांच्या गर्दीच्या आसाकुसाला फोटो काढण्यापुरता नाही, तर नेझू, सेंदागी, यानाका या टोकियोतल्या जुन्या वस्त्यांमधून निवांत फिरायला. मी निशी-कासाईला राहते. ओतेमाची स्टेशनला मेट्रोची चियोदा लाइन पकडली की नेझू आलंच. माझं मत आधीच सांगते: पैसे वसूल होतात, पण ते नक्षीवर नाही, नेसवणाऱ्या बाईंच्या हातावर ठरतं.

भाडं साधारण ४,००० ते ६,००० येन. त्यात जुबान (किमोनोच्या आतला झगा), ओबी (कमरेचा रुंद पट्टा), ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे), झोरी (सपाट चपला) आणि हातातली पिशवी आली. केशरचनेचे पैसे बहुधा वेगळे. कापड बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. रस्त्यावर फिरायला तेच बरं, जीव मुठीत धरून चालावं लागत नाही.

नेसवणं मात्र नीट बघण्यासारखं आहे. साडीत कमरेचा बाक खुलून दिसला की आपल्याला बरं वाटतं. इथे त्या खळग्यात टॉवेल गुंडाळून आधी अंग सरळ करतात, म्हणजे ओबी घसरत नाही. मग डावी बाजू उजवीवर येते. उलटं फक्त मृत व्यक्तीला नेसवतात. जास्तीची लांबी कमरेशी दुमडली जाते, त्यामुळे बायकांना उंचीची फारशी अडचण येत नाही. पुरुषांच्या किमोनोला ही घडी नसते, म्हणून नवऱ्याची उंची बुकिंग करतानाच कळवा.

एका दुकानात मला घाईघाईत नेसवलं. आतली दोरी ढिली राहिली आणि दुपारपर्यंत काठ पावलांवर उतरला. आता जिथे जाते तिथल्या बाई आधी मला खाली बसवतात, हात वर करायला लावतात, चार पावलं चालवतात आणि मगच सोडतात. त्यांच्याकडे नेसलं की दिवसभर कुठे ओढाताण होत नाही.

झोरीचा पट्टा बोटांच्या बेचक्यात खोल रुतवू नका; टाच थोडी मागे बाहेर राहू द्या. हे कळल्यापासून माझे पाय सोलवटले नाहीत. पावलं आपोआप लहान पडतात, म्हणून बेत छोटा ठेवा. खुर्चीत मागे टेकता येत नाही, कारण पाठीवर ओबीची गाठ असते.

माझी आवडती वाट नेझूच्या देवळापासून सुरू होते. सध्याचं देऊळ १७०६ सालचं, पाचव्या शोगुनने (शोगुन म्हणजे तेव्हाचा लष्करी शासक), तोकुगावा त्सुनायोशीने बांधवलेलं. बाजूच्या लाल तोरीई, म्हणजे देवळाच्या कमानी, इतक्या बुटक्या आहेत की केसांत फुलं माळली असतील तर मान झुकवावीच लागते. पुढे कान्नोन-जी या बौद्ध मंदिराची माती आणि कौलांच्या थरांची भिंत. १९२३ चा भूकंप आणि युद्धातली बॉम्बफेक यातून हा भाग बराचसा वाचला, म्हणून असं काही अजून बघायला मिळतं. यानाकाच्या दफनभूमीत शेवटच्या शोगुनची कबर आहे. तिथे लोक आपल्या माणसांना भेटायला येतात, तेव्हा पोज देत उभं राहणं मला अजिबात पटत नाही. आसाकुरा शिल्प संग्रहालय सोमवारी आणि गुरुवारी बंद असतं. चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून ताबी स्वच्छ हव्यात.

एकदा सेनबेई (तांदळाची कुरकुरीत बिस्किटं) घेताना दुकानातल्या आजी बाहेर आल्या आणि काही न बोलता माझी ओबी मागून सारखी करून गेल्या. गर्दीच्या ठिकाणी असं माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये किमोनोचा हट्ट सोडा आणि युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला पातळ सुती किमोनो, घ्या. हिवाळ्यात वरून हाओरी (किमोनोवरचं जाकीट) मागा आणि आत मोठ्या गळ्याचं थर्मल घाला. मानेला वारा लागतो, पण थर्मलचा गळा बाहेर डोकावता कामा नये.

ऑक्टोबरात सासूबाई येणार आहेत. गुडघ्यांमुळे त्यांच्यासाठी फक्त नेझूचं देऊळ आणि जवळच चहा एवढाच बेत आहे, आणि सकाळी १० ची वेळ त्याच बाईंकडे घेऊन ठेवली आहे.