प्रशिक्षक गेला, आता कोण? एफसी गोवा आणि मुंबई सिटीचे अनुभव

प्रशिक्षक गेल्याची बातमी फुटली की संध्याकाळपर्यंत पाच-सहा नावं चर्चेत येतात. तुमच्या फुटबॉल क्लबवर ही वेळ आली असेल आणि निर्णय तुम्हाला घ्यायचा असेल, तर नावांची यादी थोडी बाजूला ठेवा. आधी हे बघा की तो गेला कधी, आणि मागे काय ठेवून गेला. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी गोवाने 2020 ते 2023 या काळात जवळजवळ प्रत्येक वाट चालून पाहिली आहे, म्हणून मी गोव्यापासूनच सुरुवात करतो.

जानेवारी 2020 च्या शेवटी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गेले. संघ शिल्डच्या, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या ढालीच्या, शर्यतीत पुढे होता, साखळीचे तीनच सामने उरले होते. क्लबने बाहेर शोधाशोध न करता सहायक प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाती संघ दिला. डेम्पो क्लबकडून वर्षानुवर्षं खेळलेला हा गोव्याचाच माणूस. निकाल बघा: हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2, जमशेदपूरला 5-0. शिल्ड गोव्याकडे आली, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या (आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या) गटसाखळीत पोचलेला पहिला भारतीय क्लब म्हणून नाव लागलं. क्लिफर्ड यांनी काही नवं शिकवलं नाही, चाललेलं मोडलं नाही. तीन सामने उरले असताना हेच सगळ्यात मोठं काम असतं, आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालं नाही असं मला मनापासून वाटतं. कायमची जबाबदारी पुढे हुआन फेरांडो यांना मिळाली.

आता याच वाटेची दुसरी बाजू. डिसेंबर 2021 मध्ये फेरांडो हंगाम अर्ध्यात टाकून एटीके मोहन बागानला गेले. गोव्याने पुन्हा घरातलाच माणूस निवडला, डेरिक परेरा. अनुभव दांडगा, क्लबची खडान्‌खडा माहिती. तरी संघ अकरा संघांत नवव्या स्थानावर राहिला. दोष डेरिक यांच्या माथी मारणं सोपं आहे, पण हंगामाचे पहिले तीन सामने गोवा त्यांच्या आधीच हरलं होतं. घरचा माणूस घडी टिकवतो. घडीच विस्कटलेली असेल, तर त्याला वेळ द्यावा लागतो, आणि मधल्या हंगामात वेळच नसतो.

अर्थात याला अपवाद आहे, आणि तो मोठा आहे. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जेरार्ड नुस यांना काढलं आणि सहायक असलेल्या खालिद जमील यांना तात्पुरतं बसवलं. संघ बाद फेरीत गेला. आयएसएलमध्ये भारतीय प्रशिक्षकाने संघ तिथवर नेण्याची ती पहिलीच वेळ. पण खालिद नुसते सहायक नव्हते. मुंबई एफसी त्यांनी बरीच वर्षं सांभाळली होती आणि 2017 मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली होती. तुमचा सहायक याआधी कधी स्वतःच्या जबाबदारीवर संघ घेऊन उभा राहिलाय का, हे विचारा. माझ्या लेखी हा प्रश्न प्रशिक्षकाच्या परवान्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मुंबई सिटीची वाट वेगळी. हा क्लब तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुपच्या, म्हणजे अनेक देशांत क्लब असलेल्या मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या, कुटुंबातला होता. गोव्यानंतर मुंबईत आलेल्या लोबेरांच्या जागी 2021 मध्ये डेस बकिंगहॅम आले ते त्याच कुटुंबातल्या मेलबर्न सिटीतून; 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ते ऑक्सफर्ड युनायटेडला गेले, तेव्हा पेत्र क्रात्की आले तेही मेलबर्न सिटीतूनच. खेळण्याची पद्धत ओळखीची, माणूस आधीच पारखलेला. बकिंगहॅम यांनी 2022-23 ची शिल्ड जिंकली, क्रात्की यांनी अर्ध्या हंगामात संघ हाती घेऊन मे 2024 मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला 3-1 हरवलं आणि कप, म्हणजे बाद फेरीचं विजेतेपद, आणला. पुढच्या हंगामात मात्र हाच संघ सहाव्या स्थानी घसरला. असं जाळं बहुतेक क्लबांकडे नसतं. पण प्रशिक्षक खूश असतानाच पुढच्या दोन-तीन माणसांवर नजर ठेवायची सवय कोणालाही लावून घेता येते, त्याला पैसे पडत नाहीत.

माजी खेळाडूला पहिलीच मोठी संधी द्यायची? गोव्याने 2022 मध्ये कार्लोस पेन्या यांना दिली. सातवं स्थान, बाद फेरी हुकली. लोकांचं प्रेम असतं, पण मी इतकी जोखीम घेणार नाही.

हंगाम संपलेला असेल आणि हाताशी दोन महिने असतील, तर मी लीग ओळखणाऱ्या माणसाकडे जाईन. मानोलो मार्केझ 2023 मध्ये गोव्यात आले, तेव्हा हैदराबादला कप जिंकून देऊन झाला होता. इथला उकाडा, लांबचे प्रवास, भारतीय खेळाडूंची ताकद आणि मर्यादा त्यांना नव्याने शिकायच्या नव्हत्या. पहिल्या हंगामात तिसरं स्थान, दुसऱ्यात दुसरं, वर 2025 चा सुपर कप. तरी फातोर्ड्यावरची, गोव्याच्या घरच्या मैदानावरची, पहिल्या हंगामातली ती उपांत्य लढत आठवली की अजून पोटात कालवतं: नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-0 ने पुढे, आणि क्रात्कींच्या मुंबईकडून 2-3 अशी हार.

राहिला करार. फेरांडो गेले ते करारातल्या सुटकेच्या कलमाच्या जोरावर (ठरलेली रक्कम भरली की मुदतीआधी जाता येतं). पुढे त्यांनी मार्च 2023 मध्ये मोहन बागानसाठी कप उचलला, तोही फातोर्ड्यावरच. त्यामुळे नवा करार लिहिताना ती रक्कम किती असावी यावर भांडा, आणि हंगाम चालू असताना ते कलम वापरता येणार नाही अशी अट घालता येते का ते वकिलाला विचारा. आणि नाव जाहीर करण्यापूर्वी तुमच्या सहायकाला एकदा समोर बसवून बोला. नवा माणूस येईपर्यंत सरावाला मुलांसमोर उभा राहणार आहे तोच.