‘पकड सैल आहे, मॅडम’ : पहिलं पिस्तूल घेताना माझी झालेली फसवणूक

सात आठवडे मी माझ्या मनगटाला दोष देत होते. दर चौथ्या-पाचव्या गोळीला पिस्तूल अडकायचं. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या आत स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, पुढे यायची आणि पुंगळी तिच्या तोंडात उभी अडकून राहायची. मी पिस्तूल खाली ठेवायचे, काडतुसांचं मॅगझिन काढायचे, स्लाइड ओढून पुंगळी पाडायचे आणि पुन्हा उभी राहायचे. घरी येऊन रबरी चेंडू दाबत बसायचे, पकड मजबूत व्हावी म्हणून. विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं, “पिस्तुलात काही नाही, तुमची पकड सैल आहे, मॅडम. सगळ्या नवशिक्यांचं असंच होतं.” मी ते खरं मानलं.

हे लिहितेय ते त्या वाक्यासाठी. पैसे गेले, त्याचं दुःख आहेच. पण पहिलं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या हे वाक्य ऐकावं लागतं, आणि ते अर्धं खरं असतं, म्हणूनच ते इतकं धोक्याचं आहे.

आधी ते अर्धं खरं सांगते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये गोळी सुटण्याच्या जोरानेच स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंग दाबली जाते आणि परत येताना स्लाइड मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमध्ये ढकलते. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी, पण पुढची तयारी आपोआप. हे सगळं घडायला फ्रेम, म्हणजे मुठीसह खालचा भाग, हातात घट्ट स्थिर असावी लागते. मनगट ढिलं असेल तर फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडला पुरेसं अंतर मिळत नाही आणि पुंगळी अडकते. लहान, हलक्या पिस्तुलांत हे जास्त होतं. अनुभवी माणूसही हेच सांगेल. म्हणून विक्रेता बोलला तेव्हा मला शंका आली नाही. त्याने खरी गोष्ट खोट्या जागी वापरली.

त्याच्याकडे गेले तेव्हा परवाना नुकताच हातात आला होता. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हे ठरलं होतं. बाकी काहीच ठरलं नव्हतं. मी तसं सांगितलंही, आणि तिथेच चूक झाली. त्याने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि ड्रॉवरमधून नऊ एमएम काडतुसाचं एक लहान पिस्तूल काढून माझ्या पुढे केलं. “बाईच्या हाताला हेच. हलकं आहे, झटका कमी बसेल.”

इथे दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्ही मला तेव्हा कळायला हव्या होत्या. पहिली, त्याने पिस्तूल उघडून दाखवलं नाही. मॅगझिन काढलं, एवढंच. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं. एक काडतूस चेंबरमध्ये राहू शकतं, आणि ‘मॅगझिन तर काढलं होतं’ या विश्वासाने आजवर किती अपघात झाले आहेत. ज्याला आपल्या कामाची चाड आहे तो आधी मॅगझिन काढतो, मग स्लाइड मागे ओढून अडकवतो, चेंबर डोळ्यांनी बघतो, बोटाने चाचपतो आणि उघड्या अवस्थेतच पिस्तूल समोरच्याच्या हातात देतो. समोरचा तेच पुन्हा करतो, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. आता एखाद्याने बंद स्लाइडचं पिस्तूल माझ्या पुढे केलं तर मी त्या दुकानात थांबत नाही.

दुसरी गोष्ट झटक्याची. हलकं म्हणजे झटका कमी, हे साफ उलटं आहे. 9×19 ची, म्हणजे याच नऊ एमएमची, नेहमीची गोळी साडेसात-आठ ग्रॅमची असते आणि सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर वेगाने निघते. गोळी तीच, वेग जवळपास तोच, म्हणजे मागे येणारा धक्काही तेवढाच. तो किलोभर वजनाच्या स्टीलच्या पिस्तुलाने घ्यायचा की त्याच्या निम्म्या वजनाच्या पिस्तुलाने, एवढाच प्रश्न असतो. वजन निम्मं झालं की पिस्तूल दुप्पट वेगाने मागे येतं आणि झटक्याची ऊर्जाही दुप्पट होते. त्यात लहान मुठीवर करंगळीला जागा नसते. स्लाइड लहान आणि हलकी असल्याने तिला आवरायला स्प्रिंग कडक घालावी लागते, म्हणजे ती ओढायलाही जास्त जोर लागतो. लहान पिस्तूल बाळगायला सोपं आणि चालवायला अवघड असतं. नवशिक्याच्या हातात ते देणारा एकतर अडाणी असतो, नाहीतर त्याला ते खपवायचं असतं.

मी स्लाइड ओढून बघितली. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे ती मागे आली. तो म्हणाला, “नवीन आहे ना, कडकच असणार. आधीच्या मालकाने एक डबी काडतुसंसुद्धा संपवली नाहीत.” आणि ती कडक स्लाइड मला पिस्तूल नवं असल्याचा पुरावा वाटली. ट्रिगर मात्र कमालीचा मऊ होता. बोट टेकवलं न टेकवलं तोच सुटायचा. त्याचं त्याने कौतुक केलं, “असा ट्रिगर कारखान्यातून येत नाही.” हे एक वाक्य मात्र त्याने शब्दशः खरं सांगितलं होतं.

पिस्तूल चकचकीत होतं, काळा रंग एकसारखा. दोन मॅगझिन होती. पावतीवर त्याने पिस्तुलाचा नंबर लिहिला आणि खाली ‘वापरलेले, आहे त्या स्थितीत’. मी विचारलं, तर म्हणाला, तसं लिहायची पद्धतच आहे.

मग ते सात आठवडे. रेंजवर माझ्या शेजारी शिकणारी मंडळी गोळ्यांची रांग एका कागदावर उतरवत होती आणि मी दर चार गोळ्यांनी थांबत होते. मला नेमबाजी जमणार नाही असं वाटायला लागलं होतं. एक दिवस प्रशिक्षक ताई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुझी पकड ठीक आहे. दे इकडे.” त्यांनी मॅगझिन भरलं, उभ्या राहिल्या, आणि सहाव्या गोळीला पुंगळी अडकली. वीस वर्षं पिस्तूल चालवलेल्या बाईच्या हातात. त्यांनी पिस्तूल रिकामं करून ठेवलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “हात तुझा नाही गं, पिस्तूल बिघडलंय.”

मला तिथेच रडू आलं.

क्लबची हत्यारं दुरुस्त करणारे एक वयस्कर काका आहेत. त्यांनी पिस्तूल माझ्यासमोर उघडलं. स्लाइड, बॅरल (नळी), स्प्रिंग, फ्रेम असे चार भाग कापडावर मांडले. नेहमीच्या साफसफाईसाठी रोज होतं तेवढंच उघडणं, दोन मिनिटांचं काम. विकत घेताना मी एवढंच मागितलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

स्प्रिंग त्या पिस्तुलाची नव्हतीच. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची जास्त ताकदीची स्प्रिंग कापून बसवली होती. म्हणून स्लाइड ओढायला कडक, म्हणूनच गोळी सुटल्यावर ती पूर्ण मागे येत नव्हती आणि पुंगळी अडकत होती. सैल मनगटाने जे होतं तंतोतंत तेच चुकीच्या स्प्रिंगने होतं. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. माझ्या मनगटावर जो दोष टाकला गेला, तो असा त्या स्प्रिंगमध्ये दडला होता.

मग नंबर. हा कारखाना फ्रेम, स्लाइड आणि बॅरल तिन्हींवर एकच नंबर टाकतो. माझ्या फ्रेमवर एक नंबर, बॅरलवर दुसरा, स्लाइडवर तिसरा. तीन पिस्तुलांचं मिळून एक केलं होतं आणि वरून नवा रंग चढवला होता. काकांनी भिंगातून अक्षरं दाखवली. कारखान्यात उमटवलेल्या शिक्क्याच्या कडा धारदार असतात. रंगाआधी घासून गुळगुळीत केल्याने त्या वितळल्यासारख्या गोल झाल्या होत्या. बॅरलवरचा चाचणीचा शिक्का जेमतेम वाचता येत होता. ज्या देशांत ही चाचणी सक्तीची आहे तिथे प्रत्येक पिस्तूल नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे 30 टक्के जास्त दाबाच्या काडतुसाने तपासून मगच त्यावर हा शिक्का मारतात, म्हणून तो नीट दिसणं महत्त्वाचं. नंबर जुळले नाहीत म्हणजे दर वेळी चोरीच असते असं नाही. बॅरल झिजली की रीतसर बदलतात, आणि काही जुन्या पिस्तुलांवर नंबर फक्त फ्रेमवरच असतो. पण मग विकणाऱ्याने ते सांगायला हवं. शिवाय काही देशांत कायद्याच्या लेखी फक्त फ्रेम हेच शस्त्र, तर काही देशांत बॅरल आणि स्लाइडचीही वेगळी नोंद लागते. तिथे असं पिस्तूल बाळगणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं.

‘एक डबीसुद्धा संपवली नाही’ हेही काकांनी एका नजरेत खोडून काढलं. स्लाइडच्या आत, काडतुसाची बूड जिथे टेकते त्या जागी, काडतुसावर आपटून ते पेटवणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकाभोवती पोलाद खरवडल्यासारखं झालं होतं. हजारो गोळ्या झाडल्याशिवाय सहसा असं होत नाही. रंग बाहेरून दिला जातो, पण ही जागा बहुतेक कुणी रंगवत नाही, त्यामुळे पिस्तुलाचं खरं वय तिथे वाचता येतं. पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडाही झिजला होता. दोनपैकी एका मॅगझिनचे काडतुसं धरून ठेवणारे वरचे ओठ फाकले होते. मॅगझिनवर खडूने एक-दोन आकडे टाकून कुठल्या मॅगझिनला अडकतं याची नोंद ठेवायची, ही सवय काकांनी तेव्हाच लावली.

शेवटचं मात्र त्यांनी दोनदा तपासलं. सुटी केलेली स्लाइड हातात घेऊन फायरिंग पिन मागून दाबली, ती सरळ पुढे आली. यायला नको होती. या पिस्तुलात फायरिंग पिनला अडवणारा एक छोटा खटका असतो. ट्रिगर पूर्ण दाबला जाईपर्यंत तो पिनला पुढे जाऊ देत नाही. पिस्तूल नळीवर पडलं तरी पिनने स्वतःच्या वजनाने पुढे सरकून काडतुसावर आपटू नये, म्हणून तो असतो. माझ्या पिस्तुलात तो नव्हता. त्याची खाच रिकामी होती. ट्रिगर मऊ व्हावा म्हणून कुणीतरी तो काढून टाकला होता आणि आतल्या स्प्रिंगही बदलल्या होत्या. वजनकाट्यावर ट्रिगर भरला सव्वा किलोच्या आसपास; आजच्या सर्वसाधारण, घोडा नसलेल्या स्ट्रायकरवाल्या पिस्तुलांचा तो अडीच किलोच्या आगेमागे असतो. ज्या ट्रिगरचं त्या माणसाने कौतुक केलं होतं, तो असा बनला होता.

सात आठवडे मी ते भरलेलं पिस्तूल हाताळत होते. अडकलं की टेबलावर ठेवत होते. एकदा ते माझ्या हातून निसटता निसटता राहिलं होतं. मला अजून रात्री तो क्षण आठवतो.

यानंतर मी काय केलं तेही सांगते, कारण निवड कशी करायची हे मला त्यातून कळलं. पिस्तूल घ्यायचा विचार पूर्ण बाजूला ठेवला आणि चार महिने क्लबची हत्यारं चालवली. सुरुवात पॉइंट टू टू या लहान काडतुसाच्या पिस्तुलाने केली. झटका नसल्यासारखाच, त्यामुळे ट्रिगर दाबताना मी डोळे मिटते हे पहिल्यांदा लक्षात आलं. मग मोठी नऊ एमएम. 1975 च्या झेक सीझेड 75 च्या धाटणीचं जड स्टीलचं पिस्तूल, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ग्लॉक 17 सारखं पॉलिमर (कडक प्लास्टिक) फ्रेमचं. झेक पिस्तूल हातात शांत बसायचं, पण त्याचा पहिल्या गोळीचा लांब आणि जड ट्रिगर माझ्या बोटाच्या आवाक्यात नव्हता. ट्रिगरपर्यंत पोचायला पकड फिरवावी लागायची. दुसऱ्याचा ट्रिगर दर वेळी सारखाच, म्हणून शिकायला सोपा गेला. पन्नास वर्षांचा अनुभव असणारा माझ्या उलट सांगेल आणि त्याच्या हातासाठी ते बरोबरही असेल. मात्र बोटाचं पेर पकड न हलवता ट्रिगरवर टेकतं का, करंगळी मुठीवर बसते का, स्लाइड स्वतःच्या जोराने दहादा ओढता येते का, हे दुकानातल्या काचेवर कळत नाही. शे-दोनशे गोळ्या झाडल्यावर कळतं.

दुसरं पिस्तूल मी नवं घेतलं, मोठ्या आकाराचं. घेण्याआधी विक्रेत्याला म्हटलं, उघडून दाखवा. त्याने मला विचारलंसुद्धा नाही की का. कापड पसरलं आणि उघडलं. तिन्ही नंबर मी मोठ्याने वाचले, तो पावतीवर लिहीत गेला.

पहिल्या विक्रेत्याला मी काकांचा लेखी अहवाल आणि फोटो पाठवले. परवाना देणाऱ्या कार्यालयातही तीन वेगळ्या नंबरांसह तक्रार दिली. ते पिस्तूल काकांकडे सुटं करून कुलपात ठेवलंय, ते कुणालाही विकायचं नाही एवढं ठरलं आहे. पहिली दोन पत्रं त्या माणसाने परत पाठवली. तिसऱ्यानंतर निम्मे पैसे आणि एक कागद आला. त्यावर छापलं होतं की पिस्तूल चांगल्या स्थितीत दिलं होतं, अडचण वापरणाऱ्याच्या पकडीमुळे आली आणि माझी काही तक्रार नाही. खाली सहीसाठी रेघ होती.

पैसे परत पाठवले. त्या रेघेवर सही केलेली नाही.