खोकं ओरिजिनल होतं, आर्म नव्हता: झेनॉनच्या लोअर आर्ममध्ये झालेली माझी फसवणूक

जरा लांब लिहितोय, पण ज्यांच्याकडं जुनी पिकअप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, कारण माझं प्रकरण पैशावर थांबलं नाही, त्या दिवशी गाडी धाकटा भाऊ चालवत होता.

गाडी टाटा झेनॉन, सिंगल कॅब, 2011 चं मॉडेल. सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे, आमचा माल आणि शेजारच्या दोघा-तिघांचा माल मीच पंढरपूरला, कधी पुण्याला मार्केट यार्डात नेतो, त्यामुळं ह्या गाडीवरच आमचं घर चालतं. फेब्रुवारी 2025 मध्ये गतिरोधकावर पुढून खट्ट खट्ट आवाज यायला लागला, गाडी डावीकडं ओढायला लागली आणि डाव्या टायरची आतली कड घासून गुळगुळीत झाली. नेहमीच्या मिस्त्रीनं जॅक लावून, चाक वर-खाली हलवून दाखवलं, लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताचा, बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) ढिला आणि बुशचं (गाडीकडच्या टोकातलं) रबर पार फाटलेलं. म्हणाला, दादा नुसते बुश टाकून भागणार नाही, दोन्ही बाजूचे लोअर आर्म बदला. हे निदान बरोबर होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता झेनॉन आपल्याकडं 2009 ला आली आणि 2017 ला टाटाचीच नवी पिकअप योद्धा आल्यावर जुन्या झेनॉनचे पार्ट काउंटरवर पटकन मिळायचे बंद झाले. कंपनीच्या काउंटरवर फोन केला तर म्हणाले ऑर्डर टाकावी लागेल, दोन-तीन आठवडे धरा. माल तोडणीला आलेला, तेवढं थांबायची माझी तयारी नव्हती, आणि चूक इथंच सुरू झाली.

पहिल्या दुकानात गेलो तर तो म्हणाला सफारीचा आर्म टाका, सगळं टाटाचंच आहे, बसतं. मिस्त्रीनं मग दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. त्या शेठनं मला खुर्चीवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, पाव्हणं, सफारीचा बसवू नका हं, सफारी डायकॉरला पुढं टॉर्शन बार आहे, म्हणजे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी दांडी, झेनॉनला कॉइल स्प्रिंग, दोन्हीकडं डबल विशबोन, म्हणजे चाकाला वर-खाली दोन आर्म, असला तरी आर्म एक नाही. आणि हे त्याचं शंभर टक्के खरं होतं! मी घरी मॅन्युअलमध्ये बघितलं. मला तेव्हा वाटलं हा माणूस जाणकार आहे आणि प्रामाणिक आहे. एक खरी गोष्ट सांगून त्यानं माझा विश्वास घेतला आणि त्या विश्वासावर पुढचं सगळं खपवलं. आज मागं वळून बघतो तेव्हा मला सगळ्यात जास्त राग ह्याच गोष्टीचा येतो.

माल आतून आला. दोन खोकी, कंपनीची, होलोग्राम, पार्ट नंबरचं लेबल, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, सगळं जागेवर. लेबलवरचा नंबर मी मोबाइलवर तपासला, बरोबर निघाला, डावा-उजवा वेगळा नंबर असतो तोही बरोबर. एमआरपीपेक्षा कमी करून जोडी 9,800 ला दिली. बिल मागितलं तर म्हणाला पक्कं बिल घेतलं तर 28 टक्के जीएसटी धरावा लागेल, कशाला उगाच, मी आहे ना, काही झालं तर या. साध्या कागदावर लिहून दिलं, शिक्का नाही, पार्ट नंबर नाही. पैसे क्यूआरवर पाठवले, नाव दुकानाचं न येता कुणातरी माणसाचं आलं, ते मी बघितलं आणि सोडून दिलं.

मिस्त्रीनं आर्म बसवले तेव्हा गाडी जॅकवरच होती आणि बुशचे बोल्ट त्यानं तशीच, चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळले. मला तेव्हा माहिती नव्हतं, आता आहे म्हणून सांगतो. रबरी बुशचे बोल्ट हातानं लावायचे, गाडी खाली चाकांवर टेकवायची आणि मग फायनल टाइट करायचे, नाहीतर गाडी उभी असतानाही रबराला कायम पीळ बसलेला राहतो आणि नवं बुशसुद्धा लवकर फाटतं. म्हणजे माल ओरिजिनल असता तरी बुश फार टिकले नसते. आणि अलाइनमेंट? ते करा नंतर, म्हणाला. आर्म बदलल्यावर चाकांचे कोन, कॅम्बर, कॅस्टर, टो सगळं हलतं, ते त्याच दिवशी करायला हवं.

अलाइनमेंट मी दुसऱ्या दिवशी करून घेतलं. दीड-दोन महिने गाडी बरी चालली. मेमध्ये पुन्हा खट्ट. मिस्त्री म्हणाला शॉकअपचा आवाज आहे, चालवा. मी चालवली.

जूनच्या शेवटी आंबे बहाराचा माल भरून भाऊ पंढरपूरकडं निघाला होता, 40 क्रेट, म्हणजे आठेकशे किलो. एका गावाच्या गतिरोधकावर वेग कमी केला, पुढची चाकं चढून उतरली आणि डावा बॉल जॉइंट सॉकेटमधून निसटला. गाडीचं वजन स्प्रिंगमधून खालच्या आर्मवर येतं, तो जॉइंट सुटला की चाकाला खालून धरणारं काही उरत नाही, चाक वाकडं होऊन मडगार्डमध्ये घुसलं आणि गाडी नाकावर बसली. वेग दहा-पंधराचा असेल म्हणून वाचला. त्याच्या पाच मिनिटं आधी तो साठनं येत होता, समोरून रिकामे ट्रॅक्टर. फोनवर त्याचा आवाज ऐकला तेव्हा माझे पाय लटपटत होते, आजही लिहिताना हात थांबतोय.

गाडी टोइंग करून पंढरपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेली. त्यांनी आर्म काढला, वायर ब्रश मारला आणि रंगाचा जाड पापुद्राच निघाला. खाली लोखंडावर जुन्या गंजाचे खड्डे, त्यावर पुटिंगसारखं काहीतरी भरलेलं. बोल्टची भोकं किंचित लांबट झालेली, जी नव्या आर्मला कशी असतील? म्हणाले, बाळा, हा कुणाच्या तरी गाडीतून निघालेला आर्म आहे, घासून, काळा रंग मारून, लोकल बुश आणि लोकल बॉल जॉइंट ठोकलाय. मी म्हटलं काका, खोकं तर खरं होतं. तर म्हणाले खोकं खरंच असणार, गॅरेजमधून रिकामी खोकी विकत जातात, चांगल्या स्थितीतलं, होलोग्राम शाबूत असलेलं खोकं असेल तर पैसे मिळतात. माझी खोकी घरी माळ्यावर होती. रात्री काढून बघितली. चिकटपट्टीच्या खाली दुसरी, आधी फाडलेली चिकटपट्टी होती. फेब्रुवारीत दुकानात नख लावून बघितलं असतं तर तिथंच दिसलं असतं.

शेठकडं गेलो. ओळख दिली नाही. म्हणाला, हा आर्म माझ्याकडचा कशावरून? कागदावर नाव आहे का, नंबर आहे का? आमचा मिस्त्री दोन दिवस फोन उचलत नव्हता, मग त्याच्या घरी गेलो तेव्हा त्यानं कबूल केलं की त्या दुकानातून त्याला दीड हजार मिळाले होते. माझे जुने आर्म कुठायत विचारलं तर त्याच संध्याकाळी त्याच दुकानातला पोरगा घेऊन गेला म्हणाला. माझ्या गाडीचे झिजलेले आर्म आता कुणाच्या गाडीखाली असतील ह्या विचारानं मला झोप लागली नाही.

1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथं पहिलं मागतात ते बिल, आणि तेच माझ्याकडं नाही. यूपीआयचा स्क्रीनशॉट, खोक्यांचे फोटो, म्हाताऱ्या मिस्त्रींनी लिहून दिलेलं, एवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती ह्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज केलाय, अजून चालू आहे. शेठच्या ओळखीचा एकजण मला म्हणाला की पिकअप धंद्याची गाडी, तू ग्राहकच नाहीस. हे ऐकून माघार घेऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरत असाल तर तुम्ही ग्राहकच. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला अर्जाची फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आणि जीएसटीची भीती घालणाऱ्यांना सांगा की 22 सप्टेंबर 2025 पासून स्पेअर पार्ट्सवर 28 चा 18 टक्के झालाय. पण 28 असता तरी मी आज पक्कंच बिल घेतलं असतं, चेसिस नंबर आणि पार्ट नंबर दोन्ही लिहून.

हिशोब सांगतो. आर्मचे 9,800, टोइंग, मडगार्ड, शॉकअप, दोन टायर, खराब झालेले नऊ क्रेट, सगळं मिळून 34 हजारांच्या पुढं गेलं.

नवे आर्म मी कंपनीच्या काउंटरवर चेसिस नंबर देऊनच ऑर्डर केले. 19 दिवस लागले, शेजाऱ्याच्या टेम्पोनं माल नेला, भाडं दिलं, पण थांबलो. खोकी काउंटरवरच उघडली, चिकटपट्टीपासून बॉल जॉइंटच्या रबर बूटपर्यंत सगळं हात लावून बघितलं, आर्मवरचे पंच केलेले आकडे फोटोत घेतले, रंगाखाली कुठं खड्डा लागतोय का ते बोटानं चाचपलं. पंढरपूरच्या काकांनी गाडी चाकांवर टेकवून बोल्ट आवळले, स्प्लिट पिन नव्या घातल्या आणि तिथूनच अलाइनमेंटला पाठवलं.

काम झाल्यावर गॅरेजबाहेर एक पोरगा मोटारसायकलवर आला, म्हणाला दादा ती खोकी ठेवायचीत का, शंभर रुपये देतो. काकांनी काही न बोलता माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही खोकी त्याच्यासमोर फाडली, होलोग्राम कात्रीनं कापले, आणि ते रंगवलेले दोन आर्म? एक आयोगापुढं दाखवायला घरी ठेवलाय, दुसरा काकांकडून गॅस कटरनं मधोमध कापून घेतला.