कॅप निघाल्यावर दंतवैद्याकडे जाईपर्यंत: औषधाच्या दुकानातले तात्पुरते सिमेंट

अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत डेंटेम्प, रेकॅपिट अशा नावांनी मिळणारे तात्पुरते सिमेंट दाढेवरची कॅप निघाल्यापासून दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंतचे दिवस निभावून नेण्यासाठी असते, आणि तेवढ्या कामासाठी ते मला मनापासून पसंत पडले. न्यू जर्सीत राहणाऱ्या आमच्यापैकी अनेकांनी रूट कॅनाल आणि कॅप ही कामे भारतभेटीत पुण्या-मुंबईला उरकलेली असतात. ती कॅप शनिवारी संध्याकाळी निघाली, की बसवणारे डॉक्टर सातासमुद्रापार असतात आणि इथले दवाखाने बहुधा सोमवारीच उघडतात.

माझ्याकडच्या डबीत आधीच कालवलेला, झिंक ऑक्साइडचा लगदा होता, त्यामुळे पूड आणि द्रव मोजून मिसळण्याची कटकट नव्हती. सिमेंट लावण्यापूर्वी कॅपची आतली बाजू नीट पाहावी. तिथे केवळ जुन्या सिमेंटचा थर असेल तर तो हलकेच खरवडून काढता येतो. मात्र दाताचा तुकडा किंवा रूट कॅनालमध्ये बसवलेला दांडा कॅपसोबत बाहेर आला असेल, तर हे सिमेंट वापरू नये, कारण आता प्रश्न चिकटवण्याचा नसून दात वाचवण्याचा असतो. कॅप ठीक असल्यास ती आधी कोरडीच बसवून, चावा पूर्वीसारखा जुळतो का ते पाहावे. सगळ्यांत जास्त वेळ मी याच पायरीला देईन, कारण उलटी किंवा तिरकी बसलेली कॅप दातांवर नको तितका भार टाकते. त्यानंतर दात कापसाने कोरडा करावा, कॅपमध्ये पातळसा थर लावावा, पाकिटावर सांगितलेला वेळ दात मिटून ठेवावेत आणि कडेने बाहेर आलेले सिमेंट पुसावे. दातांमधला दोरा फिरवल्यास तो वर न ओढता बाजूने काढावा. वर ओढला तर कॅपही सोबत येते.

हे सिमेंट कमी ताकदीचे आहे, अशी काहींची तक्रार असते, पण मला तोच त्याचा गुण वाटतो. दंतवैद्याला कॅप सहज काढून आत कीड लागली आहे का हे तपासता आले पाहिजे, आणि कॅप निघण्याचे कारण पुष्कळदा तिच्या कडेखाली लागलेली कीड हेच असते. घरातला झटपट चिकटणारा गोंद तोंडात मुळीच वापरू नये. तो दाताला आणि हिरडीला इजा करतो, शिवाय वाकडी चिकटलेली कॅप सोडवताना दातच तुटण्याची भीती असते. सिमेंट मिळालेच नाही, तर कवळी बसवण्याच्या क्रीमने एखादा दिवस निघतो.

कॅप बसली म्हणून भेट पुढे ढकलू नये. त्या बाजूने चिक्की, चिंगम किंवा कडक लाडू खाऊ नयेत, आणि कॅप हलत असेल तर ती रात्री काढून डबीत ठेवावी, कारण झोपेत ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गिळलेली कॅप बहुतेकदा शौचावाटे बाहेर पडते. मात्र खोकला सुरू झाला किंवा दम लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. वेदना, सूज किंवा ताप असल्यास या डबीचा काहीही उपयोग नाही. कॅप हरवलीच असेल, तरीही लवकर गेले पाहिजे, कारण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात सरकू लागतात आणि मग जुन्या मापाची कॅप बसत नाही.

कायमची कॅप बसवताना दंतवैद्य पुष्कळदा ग्लास आयनोमर सिमेंट वापरतात. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते १९७२ साली जगासमोर आणले, आणि दाताशी रासायनिक रीतीने जोडले जाणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. कधी रेझिन सिमेंटही वापरतात, आणि काही तात्पुरत्या सिमेंटांमध्ये असणारे युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणते. म्हणून युजेनॉल नसलेले पाकीट निवडावे, आणि दवाखान्यात जाताना ते सोबत न्यावे, म्हणजे आत काय लावले आहे हे डॉक्टरांना पाहता येईल.