अल्टाव्हिस्टा, याहू की गूगल : कचरा कोठे कमी?

२००० साली इंटरनेटवर नेहमी शोधाशोध करणाऱ्यांना पाने शोधून देणाऱ्या संकेतस्थळांची ही तिन्ही नावे परिचित होती, त्यामुळे कोणाकडे किती कोटी पानांची नोंद होती हा हिशेब येथे मांडत नाही. तेव्हा नको ती पाने कोठे कमी पदरात पडत, एवढेच पाहायचे आहे.

याहूची विषयवार सूची माणसे स्वतः पाने पाहून तयार करत, म्हणून तेथे भंपक पान सहसा शिरत नसे. मात्र संपादकाच्या नजरेखालून न गेलेले चांगले पानही तेथे नसे.

खरी निवड उरलेल्या दोघांतली होती. १९९५ मध्ये सुरू झालेले अल्टाव्हिस्टा पानावरचा शब्दन्‌शब्द नोंदवत असे आणि क्रमही मुख्यतः शब्दांवरूनच लावत असे. ही मेख पाने बनवणाऱ्यांनी केव्हाच हेरली होती. कोकण रेल्वेचे वेळापत्रक शोधताना मी एकदा एक पान उघडले, तर त्यावर हॉटेलांच्या जाहिरातींखेरीज काहीच दिसेना. सहज सगळे पान माउसने निवडले, तेव्हा तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कोकण रेल्वे’ पंचवीस-तीस वेळा लिहिलेले उघडे पडले.

असे पान उघडेपर्यंत कळत नसे, हेच मला सर्वांत खटकत असे. अल्टाव्हिस्टाच्या निकालाखाली पानाच्या आरंभीच्या ओळी किंवा पानकर्त्याने स्वतःच लिहिलेले वर्णन येत असे. गूगल मात्र आपण दिलेले शब्द ज्या वाक्यांत आले असत, तीच वाक्ये दाखवत असे. फोनच्या तारेतून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमवर एकेक पान उतरायला मिनिट लागत असताना आणि तिकडे फोनचे बिल चढत असताना, न उघडताच टाळलेले पान मला फार मोलाचे वाटे. शिवाय इतर किती आणि कोणती पाने एखाद्या पानाकडे दुवा देतात, हे लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी काढलेले गूगल विचारात घेत असे, त्यामुळे नुसत्या शब्दांच्या पुनरुक्तीने तेथे फारसे साधत नसे. पुढे दुव्यांचीही हातचलाखी होऊ शकणार होती, हे मान्य. आणि कोणीच दुवा न दिलेले नवे पान तेथे मागे पडत असे, हेही खरे.

प्रत्येकाची गरज निराळी असते, तरी २००० च्या जूनमध्ये खुद्द याहूनेच आपल्या सूचीबाहेरच्या शोधासाठी गूगलची निवड केली, हे ध्यानात घ्यावे. मी स्वतः अल्टाव्हिस्टाकडे तेव्हा एकाच कामासाठी वळत असे. ज्ञानेश्वरांचे नाव रोमन लिपीत प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो, आणि अर्धा शब्द देऊन पुढे तारांकन (*) ठेवले की तशी सुरुवात असलेले सगळे शब्द शोधण्याची अल्टाव्हिस्टावरची सोय गूगलवर तेव्हा नव्हती.